गाडीचं दार नीट लागत नाही? आधी दोन ‘टक’ ऐका

गाडीचं दार दोन-तीनदा आपटल्याशिवाय लागत नसेल, तर ते आणखी जोरात आपटणं हा उपाय नाही. प्रत्येक आपटीला स्ट्रायकर (खांबावरचा, दार ज्याला अडकतं तो दांडा) जागचा थोडा सरकतो, बिजागरीच्या पिना झिजतात, दाराला आतून लावलेल्या पॅडच्या क्लिपा सैल होतात. जे काम थोड्या ग्रीसवर भागलं असतं, ते मग नव्या लॅचवर, म्हणजे दार अडकवणाऱ्या यंत्रणेवर, जातं. दार न लागण्याच्या बऱ्याच तक्रारी घरी, साध्या हत्यारांनी सुटतात. मात्र हत्यार हातात घेण्याआधी दोष दारातल्या लॅचमध्ये आहे की बाहेर, हे ठरवायला हवं. ते न ठरवता स्ट्रायकर हलवला, तर चांगला असलेला भागही बिघडतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

आत काय असतं

दार उघडून त्याच्या मागच्या उभ्या कडेकडे पाहा. पत्र्यात एक खाच दिसेल आणि तिच्या आत प्लास्टिकचं आवरण असलेला लोखंडी आकडा. हा लॅचचा फिरणारा भाग. त्याच्या शेजारी, बाहेरून न दिसणारा एक खटका असतो. समोर गाडीच्या खांबावर दोन बोल्टांनी बसवलेला यू आकाराचा पोलादी दांडा म्हणजे स्ट्रायकर.

दार लावताना दांडा खाचेत शिरतो आणि आकड्याला फिरवतो. आकड्याच्या दातात खटका अडकला की आकडा उलटा फिरू शकत नाही. हँडल ओढल्यावर रॉड किंवा केबल खटका उचलते आणि स्प्रिंगच्या जोरावर आकडा उघडतो. सगळा खेळ एवढाच.

आकड्याला दात दोन असतात. पहिल्यावर दार अर्धवट लागतं: ते हलतं, डॅशबोर्डवर दाराचा दिवा पेटलेला राहतो, वाऱ्याचा आवाज येतो. दुसऱ्यावर ते पूर्ण बसतं. अर्धवट लागलेल्या दारावर विसंबून गाडी चालवू नये, कारण पहिला दात हा केवळ शेवटचा आधार असतो. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०६ या वाहन सुरक्षा मानकात पूर्ण लागलेल्या लॅचने गाडीच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन आणि रुंदीच्या दिशेने ८,९०० न्यूटन ताण सोसावा अशी अट आहे. अर्धवट स्थितीसाठी दोन्ही दिशांना अट फक्त ४,४५० न्यूटनची आहे. धडक बसल्यावर किंवा गाडी उलटल्यावर हा फरक जिवावर बेतू शकतो.

पहिली चाचणी: स्क्रू ड्रायव्हर आणि दोन ‘टक’

दार सताड उघडा, लॉक उघडं ठेवा. खाचेचं तोंड गाडीच्या आतल्या बाजूला उघडं असतं. तिथून जाड दांडीचा स्क्रू ड्रायव्हर आडवा घाला आणि दार लावताना स्ट्रायकर जसा शिरतो तसा आकडा बाहेरच्या दिशेला ढकला. एक ‘टक’, थोडं पुढे दुसरा ‘टक’, आणि आकडा घट्ट. आता बाहेरचं हँडल ओढा. आकडा झटक्यात उघडला पाहिजे. पुन्हा दोन ‘टक’ करून आतल्या हँडलने उघडून पाहा.

आकडा बंद असताना दार लावायचा प्रयत्न करू नका. स्ट्रायकर बंद आकड्यावर आदळतो आणि दोन्ही भागांवर खड्डा पडतो.

दोन्ही ‘टक’ स्वच्छ आले आणि दोन्ही हँडलांनी आकडा मोकळा झाला, तर लॅच ठीक आहे. दोष स्ट्रायकर, बिजागरी किंवा बीडिंगमध्ये (दाराच्या कडेची रबरी पट्टी) शोधा.

आकडा आधीच बंद सापडला, तर दार आपटून परत का येत होतं ते कळलंच. लहान मुलाने बोट घालून तो फिरवला असेल किंवा दार कुठेतरी घासलं असेल. हँडल ओढून धरा, स्क्रू ड्रायव्हरने आकडा मूळ जागी आणा. हँडल ओढूनही हलला नाही, तर लॉकचं बटण किंवा सेंट्रल लॉक बंद आहे का ते आधी बघा.

आकडा फिरतो पण अडकत नाही, सोडला की परत येतो, तर खटका पकडत नाहीये. वाळलेलं ग्रीस, तुटलेली स्प्रिंग, किंवा खटका सतत थोडा उचलून धरणारा रॉड, या तिघांपैकी एक कारण असतं. पहिला ‘टक’ येतो आणि दुसऱ्याला फार जोर लागतो, तर बहुधा घाण आणि गंज. आणि आकडा अडकला पण हँडलने सुटत नाही, तर ते दार अजिबात लावू नका. पुढचं सगळं काम दार उघडं असेल तरच सोपं आहे.

लॅच साफ करणं

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरची बारीक धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळून डांबरासारखी होते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत वर गंजही चढतो. शिवाय सर्व्हिस स्टेशनवर प्रेशरचं पाणी थेट खाचेत मारलं जातं, तेव्हा ग्रीस धुऊन जातं आणि लोखंड उघडं पडतं.

खाचेखाली जुनं फडकं धरा. स्प्रेची बारीक नळी खाचेत घालून डब्ल्यूडी-४० किंवा तसाच गंज सोडवणारा स्प्रे दोन-तीन सेकंद मारा. पाच-दहा मिनिटं थांबा. जुन्या टूथब्रशने काळा लगदा बाहेर काढा, स्क्रू ड्रायव्हरने आकडा वीसेक वेळा उघड-बंद करा, पुसून घ्या. फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत हेच पुन्हा. पेट्रोल वापरू नका. दारात विजेची वायरिंग आहे आणि बंद पॅनेलमध्ये वाफ साठते. रॉकेलही ओतायचं नाही, कारण आजकालच्या लॅचमध्येच सेंट्रल लॉकची मोटर आणि दाराच्या दिव्याचा स्विच असतो.

साफसफाई इथे संपते, वंगण अजून बाकी आहे. हा स्प्रे घाण सुटी करतो, पण काही दिवसांत उडून जातो. बरेच जण इथेच थांबतात आणि महिन्याभरात तक्रार परत येते. कोरडं झाल्यावर आकड्याच्या बाजूंना आणि खटक्याच्या फटीत व्हाइट लिथियम ग्रीस लावा, एकूण हरभऱ्याच्या दाण्याएवढं. स्ट्रायकरच्या दांड्यावर त्याचाच पातळ हात फिरवा. चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस इथे नको. ते धूळ धरतं आणि थंडीत घट्ट होऊन खटक्याची चाल मंदावतं.

खटका उचलून धरणारं हँडल

हा दोष सहज नजरेतून सुटतो. लॅच नवा असूनही दार अडकत नाही, आणि माणूस दुसरा लॅच आणायला जातो. बाहेरचं हँडल सोडल्यावर पूर्ण आत बसतं का पाहा. ते एखादा मिलिमीटर बाहेर राहत असेल, तर खटका सतत अर्धा उचललेला असतो. हँडल हाताने आत दाबून धरा आणि दोन ‘टक’ची चाचणी परत करा. आता अडकलं, तर हँडलची स्प्रिंग कमजोर आहे किंवा ते ज्या पिनेवर फिरतं तिथे माती आहे. तिथे स्प्रे आणि थोडं ग्रीस पुरतं. स्प्रिंग तुटली असेल तर हँडल बदला.

हँडल जागेवर असूनही फरक नसेल, तर रॉड किंवा केबल फार ताणलेली असू शकते. हँडल ओढताना सुरुवातीचे एक-दोन मिलिमीटर मोकळे जायला हवेत. ते नसतील तर पॅड काढून रॉडच्या टोकाची आट्यांची क्लिप एक-दोन फेरे फिरवून ढिली करावी लागते. खात्री करायची सोपी रीत: रॉड लॅचपासून सोडवा आणि चाचणी घ्या. लॅच आता नीट अडकला, तर तो निर्दोष आहे.

लॅच ठीक आहे, तरी दार लागत नाही

स्ट्रायकरला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी बघा, कारण त्यांना पाना लागत नाही.

एक काच दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या आणि दार लावा. ते सहज लागलं, तर आत कोंडलेली हवा अडवत होती. सगळ्या काचा बंद असलेल्या छोट्या गाडीत हे थोडंफार होतंच. पण अलीकडेच नवीन बीडिंग बसवलं असेल, तर ते जाड आहे किंवा नीट बसलेलं नाही. कागदाची पट्टी दार आणि बीडिंगच्या मध्ये धरून दार लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंना साधारण सारखा विरोध जाणवला पाहिजे. एकाच ठिकाणी पट्टी हलतच नसेल, तर तिथे बीडिंग दुमडलंय. मूळ मापाचं नवं बीडिंग काही दिवसांत दबून बसतं, दुकानातलं कुठल्याही गाडीला लागणारं जाड बीडिंग मात्र दबत नाही. ते बदलाच.

उंबऱ्यावर मॅटची कड, सीटबेल्टचं बक्कल, पाण्याच्या बाटलीचं झाकण असलं काही अडकतंय का, हेही पाहा.

मग दाराच्या मागच्या टोकाला धरून दार अर्धं उघडं ठेवा आणि वर उचला. टोक खडखडत वर-खाली हललं, तर बिजागरीची पिन-बुश झिजली आहे. ड्रायव्हरच्या बाजूला हे जास्त दिसतं, कारण ते दार सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि उतरताना लोक त्याच्यावर भार टाकून उठतात. हलताना पिन हलते की बिजागरीचा पत्रा खांबावर सरकतो, हे मदतनीस लावून पाहा. पत्रा सरकत असेल तर फक्त बोल्ट सैल आहेत. दाराखाली फळकुट आणि जाड फडकं ठेवून जॅकने दार अलगद पेला, मोठ्या पान्याने बोल्ट आवळा. पिन हलत असेल, तर पिन-बुश किंवा अख्खी बिजागरी बदलावी लागते. अनेक गाड्यांत बिजागरी वेल्ड केलेली किंवा पिन ठोकून बसवलेली असते, ते काम डेंटिंगवाल्याचं. बिजागरीत लाकूड घालून दार दाबण्याचा उपाय करू नका. दार एका जागी वर येतं आणि पुढची कड फेंडरवर घासू लागते.

स्ट्रायकर हलवणं

बिजागरी ठीक आणि लॅच ठीक, तरी दार अडत असेल, तर स्ट्रायकर पाहा. दार हळूहळू लावत शेवटच्या पाच सेंटिमीटरवर नजर ठेवा. दार वर उचललं जातंय की खाली दबतंय? स्ट्रायकरच्या दांड्यावर चकचकीत ओरखडा वरच्या बाजूला आहे की खालच्या? दिसत नसेल तर दांड्यावर पांढरं ग्रीस लावून दार एकदा लावा, उघडा. ग्रीस कुठे पुसलं गेलं, ते सांगतं कुठे घासतंय.

१. मार्करने स्ट्रायकरच्या पट्टीभोवती बारीक रेघ काढा. फसलं तर मूळ जागी परत येता येतं.

२. बोल्टला बरोबर बसणारा बिट घ्या. नव्या गाड्यांत बहुधा टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारखा) टी-४० ते टी-५०, जुन्या छोट्या गाड्यांत मोठी फुली. फुलीचे स्क्रू घट्ट बसलेले असतात आणि हाताने ओढले की खाच झिजते. त्यासाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

३. बोल्ट फक्त अर्धा ते पाऊण फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. खांबाच्या आत आटे असलेली सुटी पट्टी असते. दोन्ही बोल्ट एकदम निघाले तर काही गाड्यांत ती खांबात पडते आणि ती मासळीसारखी चिमट्याने पकडत बसावी लागते. स्ट्रायकरमागे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतील तर त्या तशाच राहू द्या.

४. रबरी हातोडीने किंवा लाकडाचा तुकडा मध्ये धरून स्ट्रायकरला हलकेच ठोका. एका वेळी एकच मिलिमीटर. दार वर उचललं जात असेल तर स्ट्रायकर खाली सरकवायचा, दबत असेल तर वर. दार बसायला जोर लागतो आणि बंद झाल्यावर शेजारच्या पत्र्यापेक्षा आत जातं, तर स्ट्रायकर बाहेर. दार लागतं पण खडखडतं, वारा शिरतो, तर आत. बहुतेक वेळा एकच दिशा चुकलेली असते. दोन्ही दिशांना एकदम हलवलं की काय सुधारलं ते कळत नाही.

५. बोल्ट आवळा आणि मगच दार लावून पाहा. सैल स्ट्रायकरवर दार लावलं तर तो तिरका होतो आणि दार आतून-बाहेरून अडकू शकतं.

६. दार लागल्यावर बाहेरून पाहा. पुढच्या दाराची मागची कड मागच्या दाराच्या पत्र्याशी समतल किंवा किंचित बाहेर असावी. ती आत गेली की हायवेवर वारा शिट्टी वाजवतो. मग दाराला हलकासा धक्का देऊन दोन ‘टक’ आणि डॅशबोर्डचा दिवा विझला याची खात्री करा. शेवटी सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कनुसार (आवळण्याच्या जोराच्या मापानुसार) बोल्ट पक्के करा.

पाच-सहा मिलिमीटर हलवूनही दार बसत नसेल, तर थांबा. तेवढा फरक स्ट्रायकरचा नसतो.

लॅच बदलणं

आकडा झिजलाय, खटक्याची स्प्रिंग तुटलीय किंवा साफ करूनही दुसरा ‘टक’ येत नाही, अशा वेळी नवा लॅच. तो घेताना डावा-उजवा, पुढचा-मागचा आणि सेंट्रल लॉकवाला की साधा, हे तिन्ही जुळवा. शक्यतो जुना दुकानात दाखवूनच घ्या, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक वायरचा सॉकेट बदलतो.

काच पूर्ण वर करा, मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा. आतलं हँडल, आर्मरेस्ट आणि कडेच्या झाकणांमागचे स्क्रू काढून पॅडच्या क्लिपा खालून वर एकेक सोडवा. धातूच्या स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरली तर क्लिपा तुटत नाहीत. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद हळूहळू सोला आणि फाडू नका. तो पावसाचं पाणी दारातच ठेवतो. कागद नीट चिकटवला नाही तर पुढच्या जूनमध्ये पायाखालची मॅट ओली होते आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

प्रत्येक रॉड काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. क्लिप आधी फिरवून मोकळी करा, मग रॉड ओढा. वायरचा सॉकेट काढा, दाराच्या कडेवरचे बहुधा तीन स्क्रू काढा. लॅच दाराच्या पोकळीतून तिरका करून बाहेर येतो. नवा बसवताना हे स्क्रू आधी हाताने धरा, मगच आवळा.

आता या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक. सगळं जोडल्यावर चाचणी न घेताच लोक दार लावून बघतात. रॉड चुकीच्या छिद्रात असेल तर दार बंद होऊन उघडत नाही. दार बंद असताना पॅडचे काही स्क्रू आणि लॅचचे सगळे स्क्रू हाताला येत नाहीत. म्हणून दार उघडं ठेवून बॅटरी जोडा, स्क्रू ड्रायव्हरने आकडा बंद करा आणि बाहेरचं हँडल, आतलं हँडल, किल्ली, बटण, रिमोट, मागच्या दारात चाइल्ड लॉकसुद्धा, प्रत्येकाने तपासून पाहा. सगळे पास झाले की मगच पहिल्यांदा दार लावा.

काही वेळा दोष वेगळाच असतो

दार पक्कं लागलं, दोन ‘टक’ही आले, पण डॅशबोर्डवरचा दिवा जात नाही, तर तो लॅचमधला किंवा खांबावरचा स्विच आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहा, नसेल तर स्विच बदला. रात्रभर आतला दिवा जळत राहिला तर सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. मागचं दार आतून उघडत नाही, ही तक्रार बहुधा चाइल्ड लॉकची. दाराच्या कडेवरचा छोटा खटका खाली-वर करून पाहा.

रस्त्यात दार लागेनासं झालं आणि आकडा हलतच नसेल, तर त्या बाजूला कुणाला बसवू नका, मुलांना तर नाहीच. दोन्ही पुढच्या दारांच्या आतल्या मजबूत पकडीतून पट्टा ओवून बांधा आणि हळू चालवत जवळचं गॅरेज गाठा. नुसत्या प्लास्टिकच्या आर्मरेस्टला बांधलेली दोरी वळणावर सुटते.

पावसाळ्याआधी

दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायची बारीक छिद्रं असतात. ती माती, पानं आणि कधी पॉलिशच्या पांढऱ्या पुटाने बुजतात. पाणी दारात साठलं की लॅचचा खालचा भाग आणि काचेची यंत्रणा आतून गंजते. दार हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज आला तर छिद्रं बुजलेलीच आहेत. प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा, सुई किंवा तार वापरली तर रंग सोलतो. मे महिन्यात हे आणि पावसाळा संपल्यावर, दसऱ्याला गाडी धुतली की लॅच, स्ट्रायकर आणि बिजागरीला नवं ग्रीस, एवढं पुरतं.

अपघातानंतर दार अडत असेल तर ही कुठलीच रीत लावू नका. खांब एक-दोन सेंटिमीटर सरकलेला असू शकतो. स्ट्रायकर ओढून दार बसवलं तर सगळा ताण लॅचवर पडतो आणि खांबाची वाकलेली जागा झाकली जाते. चौकटीची कर्णरेषांनी मापं घेणारा चांगला पत्रेकाम करणारा गाठा. दोन्ही बाजूंच्या दाराच्या चौकटींचे कर्ण मोजून तुलना करायला सांगा. माप जुळत नसेल तर आधी खांब सरळ होतो, मग बिजागरी आणि सगळ्यात शेवटी स्ट्रायकर.